कोणत्या हाताला कोणतं काम



स्मृतिव्याख्यानात सहसा मोठे विषय येतात. संतसाहित्य येतं, राज्यघटना येते, प्रवराकाठी पाणीप्रश्न तर यायलाच हवा. मी आज गॅरेजमधला विषय घेऊन आलो आहे. ज्याचा एक हात किंवा एक पाय गेला, किंवा लहानपणी पोलिओने ज्याचे पाय वाळले, त्याने दुचाकी कशी चालवावी आणि त्यासाठी गाडीत काय बदलावं, एवढाच तो विषय आहे. 

अकोले तालुक्यात हा विषय लहान नाही. राजूरच्या पुढे, कोतूळच्या पलीकडे, घाटघर-साम्रदच्या अंगाला वाड्या डोंगराच्या कुशीत विखुरलेल्या आहेत. तिथून दवाखाना, बँक, शाळा, बाजार गाठायचा तर दुचाकीला पर्याय नाही. एसटीत दिव्यांगांना तिकिटावर ७५ टक्के सवलत आहे, पण ती घ्यायला आधी एसटी यावी लागते, आणि आली तर तिच्या पायऱ्या चढाव्या लागतात. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्रात अपंगत्व असलेली माणसं २९ लाखांहून जास्त भरली. देशात ती २ कोटी ६८ लाख होती, त्यांतली ६९ टक्के खेड्यांत. हालचालीचं अपंगत्व असलेलेच ५४ लाख. खेड्यात हात जातो तो कडबाकुट्टीत, मळणी यंत्रात. पाय जातो तो मधुमेहाच्या गँगरीनने किंवा रस्त्यावर, आणि रस्त्यावरचा बहुधा दुचाकीवरूनच. तोच माणूस सहा महिन्यांनी विचारतो, गाडी चालवता येईल का? घरचे म्हणतात, आता गाडीचं नाव काढू नको. दोघांचंही बरोबर असतं, म्हणून नुसत्या सहानुभूतीने इथे काही निभत नाही. गाडी उघडून पाहावी लागते.

मोटरसायकल माणसाच्या चारही अवयवांना कामाला लावते. उजव्या हाताकडे दोन कामं: मूठ पिळून रेस देणं आणि पुढचा ब्रेक दाबणं. डाव्या हाताकडे क्लच, डाव्या पायाकडे गिअर, उजव्या पायाकडे मागचा ब्रेक. सेल्फ नसेल तर किकही उजव्याच पायाने. आणि गाडी थांबली की आणखी एक काम निघतं, जे कुठल्याही माहितीपुस्तकात लिहिलेलं नसतं: शंभर-सव्वाशे किलोचं धूड पाय टेकून तोलून धरणं. चिखलात, उतारावर, मागे बायको आणि पुढे गोणी असताना.

ही वाटणी काही देवाने करून दिलेली नाही. पहिल्या महायुद्धाच्या आसपासच्या कित्येक गाड्यांना गिअरचा दांडा पेट्रोलच्या टाकीशी असे, हाताने ओढायचा. आपल्याकडच्या जुन्या बुलेटला गिअर उजव्या पायाशी आणि ब्रेक डाव्या पायाशी होता. ती चालवलेली मंडळी आज या सभागृहात असतील. जी गोष्ट कारखान्याने एकदा उजवीकडून डावीकडे नेली, ती मेस्त्रीलाही नेता येते. तेव्हा पहिला प्रश्न हा विचारायचा की या माणसाच्या शरीरात नेमकं काय उरलं आहे आणि गाडीतलं कुठलं काम बेवारस झालं आहे. उरलेल्या अवयवाकडे ते काम सोपवायचं. माझं म्हणणं एवढंच आहे, बाकी सगळा तपशील.

पण आपल्याकडे हा प्रश्न विचारलाच जात नाही. माणूस गॅरेजच्या दारात लंगडत आला की मेस्त्री न विचारताच सांगतो, साइड व्हील लावू. डावा हात गेलेल्याला साइड व्हील, उजवा पाय गुडघ्याखालून गेलेल्याला साइड व्हील, दोन्ही पाय लुळे असलेल्यालाही तेच. शिंप्याने माप न घेता एकाच मापाचा सदरा सगळ्यांना शिवावा, तसा हा प्रकार.

याला कारण पोलिओ आहे. भारतातला पोलिओचा शेवटचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये पश्चिम बंगालमध्ये सापडला आणि मार्च २०१४ मध्ये देश पोलिओमुक्त जाहीर झाला. त्याआधीच्या कित्येक पिढ्यांत गावागावात पोलिओची मुलं होती. त्यांचे पाय कमजोर, पण कुबड्यांवर वाढल्याने खांदे आणि मनगटं दणकट. अशा शरीराला बिनगिअरची स्कूटर आणि मागे दोन जादा चाकं, हे उत्तर चपखल बसलं. कारण त्यांचा प्रश्न खरोखरच गाडी तोलून धरण्याचा होता. आता ती पिढी पन्नाशीकडे चालली आहे. नवा येणारा माणूस बहुतेक करून अपघाताचा किंवा मधुमेहाचा असतो, आणि त्याचा प्रश्न वेगळा असतो. गॅरेजमधलं उत्तर मात्र जुनंच राहिलं.

साइड व्हीलबद्दल थोडं सविस्तर बोलतो, कारण तालुक्यात दिसणाऱ्या अशा बहुतेक गाड्या त्याच आहेत आणि त्यांचे धोके चालवणाऱ्यालाही नीट सांगितले जात नाहीत.

दुचाकी वळते ती झुकून. वळणाच्या आतल्या अंगाला आपण कलतो आणि बाहेर फेकणारा जोर त्यात जिरतो. साइड व्हील लावली की गाडी झुकणं बंद होतं आणि ती रिक्षासारखी उभ्याने वळते. मग तो सगळा जोर बाहेरच्या चाकावर येतो. सीट उंच आणि चाकांमधलं अंतर कमी असेल, तर आतलं चाक उचलतं आणि गाडी बाहेरच्या बाजूला पलटी होते. दुचाकी येणाऱ्यालाच हे जास्त घडतं, कारण त्याच्या अंगाला झुकण्याची सवय असते. सपाट रस्त्यावर हळू चालवताना काहीच जाणवत नाही. राजूरहून भंडारदऱ्याकडच्या वळणांवर जाणवतं.

दुसरी गोष्ट ब्रेकची. गाडीला ओढणारं आणि मागून थांबवणारं चाक मधलं, मूळचं. जादा चाकांना बहुधा ब्रेक नसतो. ती चाकं जेवढं वजन स्वतःवर घेतात, तेवढा मधल्या चाकावरचा भार हलका होतो, आणि हलकं झालेलं चाक ब्रेक दाबताच घसरतं. जादा लोखंडाने गाडी जड झाली, थांबवणारं चाक हलकं झालं, आणि ड्रम मात्र कारखान्यातून आला तेवढाच. खड्ड्यात तर आणखी गंमत. दोन्ही बाजूची चाकं उंचवट्यावर बसली की मधलं चाक अधांतरी फिरत राहतं, गाडी जागची हलत नाही आणि बसलेल्याला उतरून ढकलता येत नाही. यावर उपाय आहेत. जादा चाकांना स्वतंत्र शॉकअप द्यायचे, म्हणजे ती खाचखळग्यांप्रमाणे वरखाली होतात आणि मधलं चाक जमिनीला टेकून राहतं. चाकांमधलं अंतर शक्य तेवढं वाढवायचं. पण शॉकअपचा खर्च येतो, म्हणून सरळ अँगल वेल्ड केला जातो. घाटघरच्या पावसात त्या अँगलचं काय होतं ते तिथल्या लोकांना विचारा.

आता आपल्या जिल्ह्याचा एक जुना अध्याय. अपंगांच्या गाड्यांवर बोलताना त्याची आठवण कोणी काढत नाही. १९७२ साली दोन गाड्या बाजारात आल्या. एक बजाज चेतक: गिअर आणि क्लच दोन्ही डाव्या मुठीत, मागचा ब्रेक उजव्या पायाला, सुरू करायला किक. दुसरी लुना. नगरच्या फिरोदिया घराण्यातले, मुंबई विधानसभेचे अध्यक्ष राहिलेल्या कुंदनमल फिरोदियांचे चिरंजीव एच. के. फिरोदिया यांच्या कायनेटिक इंजिनिअरिंगची. इटलीच्या पियाज्जिओ कंपनीच्या चाओ मोपेडवरून घेतलेली, ५० सीसीची आणि नगरच्या कारखान्यात घडलेली. लुनाला गिअर नव्हता, हाताचा क्लच नव्हता, दोन्ही ब्रेक सायकलसारखे हँडलवर. म्हणजे चेतकने डाव्या हातावर आणि उजव्या पायावर लादलेली कामं लुनाने काढूनच टाकली होती. कुणा अपंगाचा विचार करून नव्हे, गाडी स्वस्त आणि सोपी व्हावी म्हणून. एक गोष्ट तेवढी राहिली: ती पॅडल मारून सुरू करावी लागे. ज्याला चालवता आली असती त्याला सुरू करता येत नव्हती.

ती अडचण त्याच घराण्याच्या पुढच्या गाडीने सोडवली. १९८४ मध्ये होंडाशी भागीदारी झाली आणि कायनेटिक होंडा आली. बिनगिअरची आणि बटणावर सुरू होणारी. आज घराघरात असलेल्या सगळ्या बिनगिअरच्या स्कूटर या वाटेनेच आल्या. पायांना चालवण्याचं काहीच काम न ठेवणारी गाडी रस्त्यावर दिसू लागली ती तेव्हापासून, आणि जादा चाकांचा धंदाही तिच्याच आधाराने वाढला. या साऱ्याची पहिली पायरी नगर-दौंड रस्त्यावरच्या कारखान्यात घडली होती, हे आपण नगरकरांनी थोडं मिरवायला हरकत नाही. जिल्ह्याचं नाव बदललं, तरी लुना काही बदलत नाही.

आता पायाकडे येऊ. गुडघ्याखालून पाय गेला असेल, तर मी त्या माणसाला साइड व्हीलच्या वाटेला जाऊच देणार नाही. गुडघा शाबूत असणं ही फार मोठी गोष्ट आहे. १९६८च्या सुमारास जयपूरला डॉ. प्रमोद करण सेठी आणि कारागीर रामचंद्र शर्मा यांनी रबराचा जयपूर फूट घडवला. डॉक्टर आणि कारागीर एका बाकावर बसल्याने तो घडला. मॅगसेसे पुरस्कार १९८१ साली सेठींना मिळाला, पण शर्मांचं नाव घेतल्याशिवाय ती गोष्ट पुरी होत नाही. अनवाणी चालता येईल, उकिडवं बसता येईल, चिखलात उतरता येईल असा तो पाय. गाडीसाठी त्याचे गुण-दोष समजून घ्यायला हवेत. तो दाबू शकतो, कारण जोर मांडीतून येतो. तो बोटं उचलू शकत नाही, कारण घोट्यात ताकद नाही. मग ज्या गाडीचा गिअर बोटाने वर उचलावा लागतो ती त्याच्या कामाची नाही. पण आपल्याकडच्या साध्या प्रवासी मोटरसायकलींना पुढे-मागे दोन टोकांचा गिअर असतो: पुढे दाबला की चढतो, टाचेने मागे दाबला की उतरतो. उचलायचं काहीच नाही. डावा पाय जयपूर फूट असलेल्या माणसासाठी हजारो रुपयांची यंत्रं मागवण्याआधी ही साधी शंभर सीसीची गाडी त्याला चालवून पाहू द्यावी.

उजवा पाय गेला असेल तर गोष्ट अवघड होते. कृत्रिम पायाला स्पर्श नसतो. तो ब्रेकवर नुसता टेकलेला आहे की दाबलेला, हे मालकाला कळत नाही. ब्रेक हलकासा धरलेलाच राहतो, ड्रम तापतो आणि उतारावर नेमक्या वेळी दगा देतो. अशा वेळी मागचा ब्रेक पायाकडून काढून हाताकडे न्यावा. हे काम किती इभ्रतीचं आहे ते सांगतो. १९९२ साली हॉलंडमधल्या आसेनच्या शर्यतीच्या सरावात ऑस्ट्रेलियाच्या मिक डूहानचा उजवा पाय इतका चिरडला की तो कापायची वेळ आली होती. पाय वाचला, पण घोट्यात ब्रेक दाबण्याची ताकद उरली नाही. होंडाच्या लोकांनी त्याच्या डाव्या मुठीशी अंगठ्याने दाबायचा ब्रेक बसवून दिला. १९९४ ते १९९८, सलग पाच वर्षं तो ५०० सीसीचा जगज्जेता झाला. पुढे दोन्ही पाय धडधाकट असलेल्या शर्यतवीरांनीही तो अंगठ्याचा ब्रेक उचलला, कारण उजव्या वळणात गाडी झुकलेली असताना पाय ब्रेकवर नीट पोचत नाही. आज मोटोजीपीत तो सर्रास दिसतो.

हाताचा प्रश्न सर्वांत दुर्लक्षित आहे. डावा हात गेला तर मोटरसायकलचा क्लच बेवारस होतो. १९५८ साली जपानमध्ये होंडाची सुपर कब आली, तिला आपोआप धरणारा-सुटणारा क्लच होता. त्यामागे असं सांगतात की नूडल्स घरपोच देणाऱ्या पोऱ्याला एका हातात ताट धरून गाडी चालवता यावी. म्हणजे एकहाती गाडी तेव्हाच तयार होती. अपंगांसाठी नव्हे, नूडल्ससाठी. आपल्याकडे हेच काम बिनगिअरची स्कूटर करते, पण तिच्यात एक खोच आहे. एप्रिल २०१९ पासून १२५ सीसीपर्यंतच्या नव्या गाड्यांना जोडब्रेक किंवा एबीएस सक्तीचं झालं. जोडब्रेक म्हणजे एक दांडी दाबली की दोन्ही चाकांना ब्रेक लागतो. फार चांगली सोय. पण स्कूटरवर ती दांडी डाव्या हाताला असते. उजवी फक्त पुढच्या चाकाची. म्हणजे डावा हात नसलेल्या माणसाच्या वाट्याला नेमका एकटा पुढचा ब्रेक येतो, आणि ओल्या उतारावर तो एकटा वापरला की तोंडावर पडण्याची तयारी ठेवावी लागते. उपाय अवघड नाही. मागचा ड्रम बहुतेक स्कूटरवर केबलनेच चालतो. ती केबल फूटबोर्डवर बसवलेल्या पायाच्या ब्रेकला जोडायची किंवा उजव्या मुठीवर दुहेरी दांडी द्यायची. पाय दोन्ही शाबूत, तोल उत्तम, अशा माणसाला साइड व्हील कशाला हवीत?

उजवा हात गेला असेल तर रेसची मूठ डावीकडे आणावी लागते. ती उलटी फिरणार नाही हे पाहावं लागतं, आणि सवय मोडायला मोकळ्या मैदानावर महिनाभर तरी द्यावा लागतो. कृत्रिम हात हँडलला जोडायचा असेल तर एकच नियम: पडताना तो आपोआप सुटला पाहिजे. पट्ट्याने घट्ट बांधलेला हात गाडीबरोबर माणसालाही फरफटत नेतो.

हेही स्पष्ट सांगतो की प्रत्येकाने चालवलीच पाहिजे असं माझं म्हणणं नाही. मांडीतून पाय गेलेला आणि त्याच बाजूचा हात अधू असलेला माणूस, डोळ्यांपुढे अंधारी येणारा माणूस, पायात जखम असूनही ती न कळणारा मधुमेही, यांना नाही म्हणायचं धैर्यही मेस्त्रीकडे आणि डॉक्टरकडे हवं.

कायद्याचं थोडक्यात. १९८८च्या मोटार वाहन कायद्यात अशा गाडीची व्याख्या अशी होती की ती मुळातच अपंग माणसासाठी घडवलेली हवी. नुसते फेरफार केलेली चालणार नाही. काटेकोर वाचलं तर गॅरेजमध्ये बदललेली स्कूटर त्यात बसतच नव्हती. २०१९च्या दुरुस्तीने ती व्याख्या बदलली आणि फेरफार केलेल्या गाडीला रीतसर जागा मिळाली. ही मोठी सुधारणा. लायसन त्या प्रकारच्या गाडीपुरतं मिळतं, आणि केलेला बदल आरसीवर नोंदवून घ्यावा लागतो. तो न नोंदवता फिरलात तर अपघातानंतर विम्याचा वाद उभा राहतो. अकोल्याच्या गाड्यांना एमएच-१७, म्हणजे श्रीरामपूर. तिथवरची खेप ज्याला चालणं अवघड त्यालाच करावी लागते, हा विनोद कायद्याने केलेला नाही, नकाशाने केला आहे.

एक शब्द मात्र जुन्या कायद्यातला तसाच राहिला: गाडी केवळ त्या व्यक्तीने किंवा त्या व्यक्तीसाठी वापरायची. शहरात ठीक. ज्या घरात एकच गाडी आहे, तिथे तीच सकाळी दूध घालायला जाते आणि दुपारी पोरीला कॉलेजला सोडते. इंग्लंडने हा धडा आधी घेतला आहे. तिथे बर्ट ग्रीव्हज नावाच्या माणसाने पांगळ्या झालेल्या आपल्या नात्यातल्या भावाच्या, डेरी प्रेस्टन-कॉबच्या चाकाच्या खुर्चीला इंजिन बसवलं आणि दोघांनी मिळून इन्व्हाकार नावाची कंपनी काढली. त्याच कारखान्यातून पुढे ग्रीव्हज मोटरसायकली निघाल्या, आणि १९६० व १९६१ मध्ये डेव्ह बिकर्सने त्यांच्यावर युरोपचं मोटोक्रॉस अजिंक्यपद जिंकलं. अपंगाच्या गाडीतून शर्यतीची गाडी जन्मली, हा भाग मला फार आवडतो. पण सरकारने वाटलेल्या त्या तीनचाकी गाड्यांत सीट एकच होती. चालवणाऱ्याला बायको, मूल, मित्र कुणालाही शेजारी बसवता येत नसे. २००३ मध्ये त्या रस्त्यावरून काढल्या. कारण सुरक्षेचं होतं, पण एकट्या सीटबद्दलची तक्रार फार जुनी होती.

विजेच्या स्कूटरींनी आता एक नवी सोय आणली आहे. काहींना रिव्हर्स आहे. साइड व्हील लावलेल्या पेट्रोलच्या गाडीवर बसलेला माणूस भिंतीपुढे अडकला की कुणाला तरी हाक मारतो. रिव्हर्सचं बटण ती हाक वाचवतं, आणि माझ्या मते पायांनी अधू असलेल्यांसाठी ही सेल्फ स्टार्टनंतरची सर्वांत मोठी सुधारणा आहे. बॅटरी खाली बसवलेली असेल तर वजनही खाली राहतं, पलटी होण्याचा धोका थोडा कमी होतो. अडचण विजेची आणि चढाची. भारनियमनाच्या गावात आणि कळसूबाईच्या पायथ्याच्या चढांवर ती किती टिकते, हे विकत घेण्याआधी त्याच चढावर चालवून पाहावं.

आपण इथे काय करू शकतो? ग्रामपंचायतीने स्वतःच्या उत्पन्नातले ५ टक्के दिव्यांगांसाठी खर्च करायचे असतात. ते पैसे बहुतेक ठिकाणी वाटून टाकले जातात, वाट्याला येतात किरकोळ रकमा. त्यातून एका माणसाचा ब्रेक पायाकडून हाताकडे नेला, तर त्याचा रोजगार परत येतो. तालुक्याच्या आयटीआयमध्ये मोटार मेकॅनिक शिकणाऱ्या मुलांना असा एक बदल प्रत्यक्ष करायला द्यावा. कृत्रिम पाय बसवण्याचं शिबिर होईल तेव्हा मंडपात एक मोटरसायकल उभी ठेवावी आणि एक चांगला मेस्त्री बोलवावा. पाय बसवणारा आणि गाडी बदलणारा, दोघांनी तो माणूस एकाच वेळी पाहावा. जयपूरच्या बाकावर नेमकं हेच झालं होतं.

आणि या सभागृहात गॅरेजवाले बसले असतील तर त्यांच्यासाठी. चासीला वेल्डिंग करू नका. तापलेला पाइप नंतर तिथेच तडकतो. नटबोल्टचे क्लॅम्प वापरा, म्हणजे उद्या दुसऱ्याला बदलताही येईल. गिऱ्हाइकाला गाडीवर बसवूनच मापं घ्या, कृत्रिम पाय घालून आणि तो घालतो त्याच चपलेसह. गाडी देण्याआधी उतारावर, पाण्याने ओल्या केलेल्या रस्त्यावर, मागे माणूस बसवून ब्रेक दाबून बघा. नव्या केबली पहिल्या काही दिवसांत ताणतात, तेव्हा महिन्याच्या आत गाडी परत बोलवा आणि ब्रेक आवळून द्या. त्याचे पैसे घेऊ नका.